दोन व्याही आणि घोटभर पाणी

सूनबाईचं सासर आणि माहेर यांच्यामध्ये एक रस्ता होता, आणि तोही अरुंद. अलीकडे सासऱ्यांची बेकरी, पलीकडे वडिलांचं इस्त्रीचं दुकान. लग्नात कुणीतरी म्हणालं होतं की पोरगी आगीतून उठून फुफाट्यात चालली. त्यात टोमणा कमी आणि पत्ता जास्त होता. एका घरात निखारे, दुसऱ्या घरात भट्टी. उन्हाळ्यात तर रस्त्यावरचं ऊनच काय ते त्यातल्या त्यात गार वाटायचं. रुसून माहेरी जायचीही सोय नव्हती. चपला पायात नीट सरकेपर्यंत माहेर यायचं, आणि रुसवा मध्येच एखाद्या सायकलवाल्याला वाट देताना विसरला जायचा.

आई ती लहान असतानाच गेलेली. बाबांनी तिला दुकानातच वाढवलं, इस्त्रीच्या टेबलाखाली, कपड्यांच्या गाठोड्यांवर. अजूनही गरम कापडाचा वास आला की तिला झोप यायची. सासऱ्यांना ती मामंजी म्हणे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मामंजींनी भट्टीतला पहिला पाव तिच्या हातावर ठेवला आणि सांगितलं की या घरात जळका पाव सुनेच्या ताटात कधी येणार नाही, तो खायला मी आहे. एवढंच बोलले आणि पिठाकडे वळले. तेव्हापासून तिला दोन बाप झाले.

अडचण एकच, दोन्ही बाप एकमेकांना पाण्यात बघायचे. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. व्याह्यांनी एकमेकांपेक्षा एक बोट वर राहायचं, इतकंच. नातीच्या नावावरूनही तसंच. नाव काय ठेवायचं ते ठेवलेलं होतं, पण मामंजी तिला बनू म्हणायचे, कारण जन्मली तेव्हा ती ताज्या बनपावासारखी फुगलेली आणि वरून तांबूस होती. बाबा तिला घडी म्हणायचे, कारण त्यांच्या हातात दिली तेव्हा ती रुमालासारखी चारही बाजूंनी दुमडलेली होती. पोर दोन्ही नावांना ओ देत नसे. वाटीत चमचा वाजला की मात्र वळून बघे.

आता ती बसायला, सरपटायला लागली होती आणि तिला एकच नाद होता. हातात येईल ते समोरच्याच्या तोंडात कोंबायचं. टोस्टचा तुकडा, स्वतःचा मोजा, एकदा तर कपडे वाळवायचा चिमटा. समोरच्यानं तोंड उघडलं नाही की खालचा ओठ बाहेर यायचा, मग हनुवटी थरथरायची, मग साऱ्या गल्लीला कळायचं. स्वतः पाणी प्यायच्या नावानं मात्र बोंब. दोन कानांचा, चोचीचा एक पेला होता तिचा. त्यातून आधी ती आईला पाजणार, आईनं डोळे मिटून "अहाहा" म्हणायचं, मग कुठं बाईसाहेब एक घोट घेणार. उन्हाळा वाढला तसं सूनबाईला दिवसातून इतक्यांदा अहाहा म्हणावं लागे, की ती झोपेतही म्हणते अशी तिच्या नवऱ्याची तक्रार होती.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना बेकरीच्या भिंतीवर शर्यतीचा कागद लागला.

शर्यत काढली होती चपलांच्या दुकानदारानं. त्यानं धावण्याचे बूट मागवले आणि ते कुणी घेईना, म्हणून त्यानं धावणंच मागवलं. ऐन उन्हाळ्यात का, तर बूट उन्हाळ्यात आले होते. बाजारचौकातून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि परत चौकात यायचं. सगळ्यांना खुली, वयाची अट नाही. ती अट घातली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्या संध्याकाळी बाबा धुतलेल्या ॲप्रनचा गठ्ठा द्यायला बेकरीत आले होते. मामंजी पायरीवर उभे राहून कागद वाचत होते. वाचून झाल्यावर ते हवेला उद्देशून म्हणाले की भट्टीपुढे जन्म काढलेल्या माणसाला ऊन म्हणजे चांदणं. बाबांनी गठ्ठा खाली ठेवला आणि तेही हवेलाच म्हणाले की भट्टीपुढे माणूस उभा असतो, पळत नसतो. आम्ही तरी टेबलाभोवती दिवसभर फिरतो. शेजारच्या सलूनमधला गिऱ्हाइकाविना बसलेला सलूनवाला खुर्ची घेऊन दारात आला. शब्दानं शब्द वाढला. शेवटी बाबांनी बोट उगारलं.

"व्याही, तुम्हाला पाणी पाजलं नाही तर इस्त्री खाली ठेवीन."

मामंजींनी हातावरचं पीठ झटकलं. "मला पाणी पाजणारा अजून जन्माला यायचाय."

"मग मला पाजणाराही तिथंच कुठंतरी वाटेत अडकला असेल," बाबा म्हणाले.

इथं विषय संपायचा. पण सलूनवाल्यानं हातातला कंगवा खुर्चीवर आपटून निकाल दिला की ठरलं तर मग, शर्यतीत जो आधी पाणी पिईल, तो हरला. तो थट्टेत म्हणाला. पाणी पाजणं म्हणजे हरवणं, एवढं गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण दोन हट्टी म्हातारे आणि एक रिकामं सलून यांच्या तावडीत सापडलेला शब्द सरळ राहत नाही. सकाळपर्यंत तो नियम झाला होता, आणि दुपारी दूधवाल्यानं सूनबाईला विचारलं की तुमच्यातले कोण तहानेनं हरणार.

मामंजींनी लगेच सराव सुरू केला. धावण्याचा नव्हे. धावता आपल्याला येतंच असा त्यांचा समज होता. सराव न पिण्याचा. भट्टी पेटल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत घशाखाली थेंब नाही. सासूबाईंनी तांब्या समोर ठेवला की ते तो हळूच बोटानं मागे सारायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी ते टोस्टचा पत्रा बाहेर काढताना एकाएकी डुलले. पत्रा खाली, टोस्ट साऱ्या फरशीवर. सूनबाईनं धावत येऊन त्यांचा दंड धरला, तर तो भाजका लागत होता. मामंजी म्हणाले, फरशीला उतार आहे. वर हेही म्हणाले की भट्टीत पाव कधी पाणी मागतो का?

सासूबाई खाली बसून टोस्ट गोळा करत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "मळलेला गोळा तोलून बघा आणि भाजलेला पाव तोलून बघा. मधलं कुठं गेलं? त्याला मागता येत नाही म्हणून तो बिचारा गप्प असतो."

सगळं आयुष्य मामंजींनी तो हिशेब धरूनच गोळे मोठे केले होते. पण तेवढ्यावरून शब्द मागे घेईल तो बेकरीवाला कसला.

सूनबाईच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. रात्री पोरीला थोपटताना तिला तो भाजका दंडच आठवत राहिला. दुसऱ्या दिवशी ती बाबांकडे गेली, तर तिथंही तीच तऱ्हा. बाबा पाण्याचा घोट तोंडात भरायचे, फुर्रकन शर्टावर फवारायचे, आणि एक थेंबही आत जाऊ द्यायचे नाहीत. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. ती म्हणाली की पाणी मारल्याशिवाय कापड सरळ होत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत ना? ते म्हणाले, कापडाचं वेगळं, शब्दाचं वेगळं. मग आवाज खाली आणून विचारलं की तिकडची काय खबर, पितात का चोरून?

तिला वाटलं, इथं डोकं चालवावं. ती म्हणाली, पितात तर, तांबेच्या तांबे. तिचा हिशेब असा की समोरचा हरतोय म्हटल्यावर हे सैल पडतील. घरी येऊन मामंजींनाही तिनं तेच सांगितलं, बाबा तर माठाला तोंड लावून बसतात. दोघेही मनापासून खूश झाले, आणि जिंकत आलोय तर आता कशाला सोडा म्हणून दोघांनीही उरलंसुरलं पाणी सोडलं. व्याह्यांच्यामध्ये खोटं बोलायला फार हुशारी लागते, हे तिला तेव्हा कळलं.

शेवटी पोरीला कडेवर घेऊन ती दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेली. शर्यतीच्या वाटेवर पाण्याचं टेबल त्यांच्याकडेच होतं. नर्सबाईंनी समजावून सांगितलं. आदल्या दिवसापासून पाणी पीत राहायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. कपडे सैल आणि फिके. सावली सोडायची नाही, आणि सावलीत धावण्यापेक्षा चालणं बरं. "आणि एक ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या. "भर उन्हात कुणाला थंडी वाजायला लागली, अंगावर काटा आला, की तो गारवा नसतो. तिथंच थांबवायचं, मग तो कितीही ओरडो."

सूनबाई म्हणाली, बाकी सगळं जमेल पण पाणी नियमात बसत नाही. कुठल्या नियमात, असं त्यांनी विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं. नर्सबाईंनी हातातला थर्मामीटर झटकून डबीत ठेवला. मग म्हणाल्या की आतून जमत नसेल तर बाहेरून तरी भिजवा त्या दोघांना.

ती तडक सलूनमध्ये गेली आणि पाणी अंगावर घेतलं तर चालतं का ते विचारलं. सलूनवाला आता स्वतःला न्यायाधीशच समजत होता. त्यानं गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून डोळे मिटले, विचार केला, आणि सांगितलं, "अंगावर चालेल. अंगात नाही."

एवढी फट पुरेशी होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी दोन भलीमोठी कलिंगडं आणली, एक घरात कापलं आणि एक सूनबाईच्या हाती पलीकडे पाठवलं. मामंजी फोडीमागून फोड खात राहिले, कारण खाणं म्हणजे काही पिणं नव्हे. रस्त्यापलीकडे बाबाही तेच म्हणत होते. कलिंगड हे फळ की पाणी, हा खटला दोघी बायकांनी सलूनपर्यंत जाऊच दिला नाही.

शर्यतीच्या दिवशी उजाडता उजाडता सगळे चौकात जमले. हवा तेव्हा खरंच छान होती. पण झेंडा दाखवायला येणारे पाहुणे छान हवेत उठणाऱ्यांतले नव्हते. चपलांचा दुकानदार घड्याळाकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. ऊन आधी छपरांवर आलं, मग भिंतींवरून उतरलं, मग धावणाऱ्यांच्या डोक्यावर बसलं. पाहुणे आले तेव्हा डांबराला वास यायला लागला होता. त्यांनी वक्तशीरपणावर चार शब्द सांगितले.

नवरा भट्टी सांभाळायला मागे राहिला होता, पाव काही शर्यतीसाठी थांबत नाही. त्यामुळे सारी मदार सूनबाईवर होती. बाबा आले ते परीटघडीच्या पांढऱ्या सैल सदऱ्यात, आणि तो सदरा त्यांनी चिंब भिजवून आणला होता. गाल फुगलेले. सलूनवाल्याला शंका आली की इथं कुठंतरी पाणी मुरतंय. त्यानं त्यांना आ करायला सांगितलं. बाबांना आयुष्यभराच्या सवयीनं एकच गोष्ट करता आली. फुर्र. सगळा फवारा मामंजींच्या तोंडावर. मामंजी नुसते उभे राहिले. त्यांना फार बरं वाटलं होतं, पण व्याह्यांसमोर ते दाखवायचं कसं?

मामंजींनी घातला होता काळाकुट्ट जाड बनियन, का तर मळ दिसत नाही. आता बदलायला वेळ नव्हता. सूनबाईनं बर्फाच्या पाण्याची बादली आणली होती. त्यात भिजत घालायला घरात मऊ, मोठं आणि पाणी धरून ठेवणारं असं एकच कापड होतं, ते म्हणजे पोरीचे धुतलेले लंगोट. तिनं एक बाबांच्या गळ्याभोवती गुंडाळला, आणि एक मामंजींच्या डोक्यावरून मानेवर सोडून कपाळाशी गाठ मारली. लंगोट कसून मैदानात उतरणार, असं मामंजी कधीपासून सांगत फिरत होते. तो असा आणि इथं कसला जाईल, हे त्यांनी धरलं नव्हतं. त्यांना वाटलं गार रुमाल आहे. लंगोटावर पिवळी बदकं होती, पण ती मागच्या बाजूला.

झेंडा पडला. तरुण पोरं पुढं सुटली, आणि त्यांच्या धुरळ्यात दोन व्याही दिसले. मामंजी पुढं, बाबा एक पाऊल मागं. लोकांना वाटलं इस्त्रीवाला दम राखून आहे. खरं कारण वेगळं होतं. मागून बदकं दिसत होती, आणि बाबांना ती सोडवेनात.

सूनबाई पोरीला आणि बादलीला घेऊन आडवाटेनं टाकीजवळच्या झाडाखाली पोचली. सासूबाई आणि नर्सबाई टेबलावर पेले भरत होत्या. धावणारी पोरं यायची, एक पेला प्यायची, एक डोक्यावर ओतायची आणि पुढं जायची. सगळ्यांच्या शेवटी दोन व्याही आले. धावणं त्यांनी वाटेतच कुठंतरी टाकून दिलं होतं. आता फक्त हात धावत होते, पाय चालत होते. नर्सबाईंनी पेले पुढं केले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि माना फिरवल्या. सूनबाईनं दोघांचे लंगोट पुन्हा बुडवून बांधले, सदऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं, बनियनवर दोन तांबे. बाबांचे ओठ पांढरे पडले होते. मामंजींचा चेहरा भट्टीसमोर होतो तसा लाल होता, तिथवर ठीक होतं. ते टाकीमागे वळसा घालायला गेले आणि तिनं मनातल्या मनात सगळ्या लाल-पांढऱ्याचा हिशेब मांडला. इकडचा पडला तरी मीच रडणार, तिकडचा पडला तरी मीच.

ते परत आले तेव्हा बाबांचा हात मामंजींच्या पाठीमागे होता. धरलेला नव्हता, नुसता जवळ, जसं ती स्वतः सरपटणाऱ्या पोरीच्या मागे धरायची तसा. मामंजींची मान किंचित कलली होती. झाडाखाली येताच त्यांनी सुनेकडे बघून समाधानानं मान हलवली.

"छान गारवा सुटलाय," ते म्हणाले.

झाडाचं एक पान हलत नव्हतं. सूनबाईनं त्यांच्या दंडाला हात लावला. उन्हात तापलेल्या त्या दंडावर काटा आला होता.

"बसा," ती म्हणाली.

मामंजी म्हणाले की चौक आता कितीसा राहिला. आयुष्यात तिनं त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. "बसा म्हणते ना," ती म्हणाली, आणि आवाज असा निघाला की मामंजी बसले, बाबा बसले, आणि पलीकडे उभा असलेला एक अनोळखी धावणाराही बसला.

नर्सबाईंनी मामंजींना झाडाच्या बुंध्याशी टेकवलं, पाय लांब करायला लावले, काळा बनियन काढून टाकला. बगलेत, मानेवर, कपाळावर ओले लंगोट ठेवले. सासूबाई पदरानं वारा घालू लागल्या. नर्सबाईंनी मामंजींना विचारलं की आज वार कुठला, आणि या वारा घालणाऱ्या कोण. मामंजी म्हणाले की वार रविवार, आणि ही बाई कोण ते तुम्ही मला काय विचारता, लग्नापासून तीच मला विचारते की तुम्ही कोण लागून गेलात.

"भांडता येतंय, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे," नर्सबाई म्हणाल्या. "आता घोट घोट पाणी. लगेच."

मामंजींनी ओठ मिटले. नर्सबाईंनी पेला धरला, तोंड वळलं. सासूबाईंनी धरला, तोंड दुसरीकडे वळलं. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी सगळ्यांच्या आश्चर्याला न जुमानता हात लांब केला आणि म्हणाले, "प्या हो व्याही. मी बघत नाही." आणि खरंच त्यांनी डोळे झाकून घेतले.

मामंजींचे डोळे त्याही अवस्थेत चमकले. "आधी तुम्ही."

मग बाबांनीही ओठ मिटले. दोन म्हातारे, झाडाला टेकून, एकाच्या डोक्यावर बदकं, एकाच्या गळ्यात बदकं, आणि पाण्याच्या टाकीखाली तहानलेले. सायकलवरून मागोमाग आलेला सलूनवाला एव्हाना घाबरला होता. तो हात जोडून सांगू लागला की मी नियम मागे घेतो, रद्द करतो, थट्टा होती हो ती. पण न्यायाधीशाला निकाल देता येतो, तो गिळता येत नाही. मामंजी क्षीण आवाजात म्हणाले की गल्लीसमोर शब्द दिलाय, मला पाणी पाजणारा अजून जन्माला यायचाय.

सूनबाईच्या कडेवर पोर चुळबुळत होती. तिच्या हातात तिचा दोन कानांचा पेला होता, आणि ती मघापासून तो आईच्या तोंडात खुपसत होती. चोच आईच्या दातांवर आपटली. आणि सूनबाई एकदम थांबली.

"आलीये की," ती म्हणाली. "पाजणारा नाही, पाजणारी. येऊन वर्ष होत आलं, मामंजी."

तिनं पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पोरीनं आजोबांकडे नीट बघितलं. त्यांच्या डोक्यावर आपला लंगोट बघून तिला जरा विचार पडला असावा. मग तिनं दोन्ही हातांनी पेला उचलला आणि मामंजींच्या मिटलेल्या ओठांवर चोच टेकवली. मामंजी हलले नाहीत. पोरीचा खालचा ओठ बाहेर आला. हनुवटी थरथरली.

"नको गं बनू," मामंजी म्हणाले. आणि म्हणायला तोंड उघडावं लागतं.

चोच आत गेली. पोरीनं पेला उलटा केला. मामंजी एक घोट प्यायले, मग दुसरा, थोडं हनुवटीवरून गळ्यात, पण बरंचसं आत. पोर पेला मागे घ्यायला तयार नव्हती. कारण अजून काहीतरी व्हायचं राहिलं होतं. ती त्यांच्या तोंडाकडे रोखून बघत राहिली.

"अहाहा म्हणा," सूनबाई हळूच म्हणाली.

आणि बेकरीचे मालक, ज्यांच्या एका खाकरण्यावर दोन कामगार आणि एक मुलगा सरळ व्हायचे, भर रस्त्यावर डोळे मिटून म्हणाले, "अहाहा."

पोर खदखदून हसली आणि बाबांकडे वळली. बाबांनी तर वाटच बघितली नव्हती. घडी, घडी करत त्यांनी आधीच आ केला होता. सासूबाईंनी पेला पुन्हा भरला, पुन्हा भरला, आणि पोर एकदा इकडे, एकदा तिकडे पाजत राहिली. नर्सबाई म्हणाल्या की मी इतकी वर्षं दवाखान्यात आहे, पण इतकं औषध असं गुमान कुणी घेतलेलं बघितलं नाही. थोड्या वेळानं मामंजींच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब आले. अंगावरचा काटा गेला आणि ते म्हणाले, "काय मेलं उकडतंय." सूनबाई तोंड फिरवून डोळे पुसू लागली. तिला वाटलं कुणी बघत नाही, पण सासूबाईंनी बघितलं.

सलूनवाल्याला मात्र निकालाची चिंता. आधी पाणी प्यायले बेकरीवाले, म्हणजे इस्त्रीवाले जिंकले असं धरायचं का? बाबा त्याच्यावर खेकसले की नियम नीट लाव, पाजलं कुणी ते बघ. मामंजी म्हणाले, बरोबर बोलले व्याही. या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं गल्लीच्या आठवणीत तोवर नव्हतं.

नर्सबाईंनी मामंजींना चांगलं तासभर तरी उठू दिलं नाही, आणि उठल्यावर रिक्षानं घरी जायला सांगितलं. रिक्षा चौकावरूनच जाणार होती. चौकात बक्षिसं वाटून झाली होती, पाहुणे गेले होते, चपलांचा दुकानदार फीत गुंडाळत होता. पण मागून सायकल दामटत आलेल्या सलूनवाल्यानं त्याच्या हातातून ती ओढून घेतली आणि दोघांनी रस्त्यावर पुन्हा आडवी धरली. रिक्षा थांबली. मामंजींनी पोरीला उचलून बाबांच्या हातात दिलं, बाबांनी तिला रिक्षाबाहेर लांब धरलं. पोरीनं फितीकडे बघितलं, ती दोन्ही मुठींत पकडली आणि तोंडात घातली.

"बनू पहिली," मामंजी म्हणाले.

"घडी पहिली," बाबा म्हणाले.

रिक्षात त्यावरून जुंपली, आणि ती घरापर्यंत पुरली. सूनबाईनं त्यांना थांबवलं नाही. भांडता येतंय म्हणजे सगळं ठीक आहे.

घरी बेकरीच्या पायरीवर ती बादली खाली ठेवून टेकली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे जरा अंधारी आली. नवरा आतून काय झालं, कोण हरलं विचारत होता. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, तू सकाळपासून किती प्यायलीस गं? सूनबाई आठवू लागली. दोघांना पाजलं, टेबलापाशी धावणाऱ्या पोरांना पाजलं, लंगोट भिजवले, बनियन भिजवला. पुढं आठवेना.

सासूबाई तशाच वळल्या. आत गेल्या, तो चोचीचा पेला काठोकाठ भरून आणला आणि पोरीच्या हातात दिला. पोर आईच्या मांडीवर चढली, एक गुडघा पोटात, एक हात केसांत, आणि तिनं पेला आईच्या तोंडाला लावला.

रस्त्यापलीकडे बाबांनी इस्त्री टेकवून ठेवली. अलीकडे मामंजींनी खाटेवरून मान उचलली. दोघेही वाट बघत होते.

"अहाहा," सूनबाई म्हणाली.